इंग्रज गेले की त्यांना घालवलं? (नंदुरबारच्या चौकात लेकीने विचारलेला प्रश्न)

तापीकाठची

राखीला माहेरी नंदुरबारला गेले होते. संध्याकाळी दहा वर्षांच्या लेकीला शिरीषकुमारांच्या स्मारकाशी घेऊन गेले. शाळेत असताना दर ९ सप्टेंबरला आम्ही तिथे रांगेने जायचो, त्यामुळे गोष्ट तोंडपाठ. १९४२ साल, चले जाव सुरू होऊन महिना झालेला, गावात प्रभातफेरी, हातात झेंडा, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु'. पोलिसांनी बंदुका रोखल्या आणि पाच पोरं पडली. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशीधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमारांना सोळावंही पुरं नव्हतं. सांगताना दरवेळी माझा गळा दाटतो, तसा दाटलाच.

लेकीने शांतपणे विचारलं, "मग इंग्रज दुसऱ्या दिवशी गेले?"
"नाही गं, पाच वर्षांनी."
"मग यांच्यामुळेच गेले हे कसं कळलं?"

मी तिला कुल्फी घेऊन दिली. दुसरं काही सुचलं नाही.

घरी विचारलं तर सासरे म्हणाले आझाद हिंद सेना, दीर म्हणाला महायुद्धात इंग्लंडचं कंबरडं मोडलं म्हणून, आणि आई म्हणाली गांधीबाबा, अजून कोण. तिघांचं भांडण जेवणापर्यंत चाललं. तुम्ही काय सांगितलं असतं? दहा वर्षांच्या मुलीला समजेल असं सांगा, ही विनंती.

भरीत_भाकरी

मी शेवेची पुडी फोडून बसलो आहे. होऊ द्या सुरू.

पांझरेकर

दिरांच्या बाजूने एक मत. भावना बाजूला ठेवून हिशेब बघा. महायुद्धाआधी हिंदुस्थान इंग्लंडचं देणं लागत होता. युद्धात इथून धान्य, कापड, माणसं उधारीवर उचलली आणि युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडच आपलं सुमारे १.३ अब्ज पौंड देणं लागत होतं. सावकार आणि कूळ यांची जागाच बदलली. १९४६ मध्ये त्यांना स्वतःचं घर चालवायला अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत, तो दुसऱ्याच्या वाड्यावर राखणदार कुठून ठेवणार? परवडेना म्हणून गेले. आपण त्याला लढा म्हणतो कारण ते ऐकायला बरं वाटतं.

अहिरानी_भाऊ

आम्हना आबा सांगे, साहेब लोक गयात पन तलाठी तठेच राह्यना.

भरीत_भाकरी

@अहिरानी_भाऊ 😂 धागा इथेच संपवा.

जळगावकर_पुण्यात

@पांझरेकर, हिशेब बरोबर मांडलात, निष्कर्षाला मात्र अडखळलो. इंग्लंडला परवडत नव्हतं म्हणता, मग हेच कंगाल इंग्लंड १९४८ पासून बारा वर्षं मलायात कसं लढलं? १९५२ पासून केनियात माउ माउ बंडखोरांच्या मागे कसं लागलं? तिकडे खर्च करायला पैसा होता. मलायातलं रबर आणि कथील डॉलर मिळवून देत होतं, म्हणून तिथे परवडत होतं. हॉलंड तर जर्मनांच्या टाचेखालून नुकतं सुटलेलं, तरी इंडोनेशिया परत घ्यायला १९४९ पर्यंत फौजा पाठवत राहिलं. शेवटी अमेरिकेने मदत आखडायची भाषा केली तेव्हा सोडलं. आणि सोडताना स्वतःच्या वसाहतीच्या सरकारचं सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवून गेलं.

म्हणजे 'परवडत नाही' ही आकाशातून पडलेली गोष्ट नव्हे. कोणीतरी ते महाग करून ठेवलेलं असतं. प्रश्न हा की इथे ते कोणी केलं.

केळीबाग

मी सावद्याचा. आमच्याकडे हा लढा १९४२ ला सुरू झाला नाही, १८५२ ला झाला, आणि ते कोणाला माहीतही नाही.

कंपनी सरकारने जमिनीची मोजणी काढली. विंगेट नावाचा साहेब त्या कामावर. आता शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा. साखळी घेऊन माणसं शेतात उतरली की पुढच्या वर्षी सारा वाढणार, पडीक म्हणून सोडलेला तुकडाही वहीत चढणार. सावदा, फैजपूर, यावल, तिकडे एरंडोल, सगळीकडे लोक गोळा झाले. यावलला मोजणीवाल्या साहेबांच्या तंबूला लोकांनी वेढा घातला आणि मोजणी थांबवा म्हणून अडून बसले. कोणी सेनापती नाही, राजा नाही, घोषणा नाही. साधे कुणबी-पाटील लोक. सरकारने फौज आणली, पुढारी धरले, मोजणी पुरी केली.

म्हणजे हरले. पण त्याच फैजपुरात डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. सगळा मंडप बांबूचा, नंदलाल बोसांनी सजवलेला. गावाबाहेर तिलकनगर उभं केलं, धनाजी नाना चौधरींसारखे आमचे लोक त्यामागे राबले. आणि ठराव कशाचा? शेतसारा कमी करा, कर्ज हलकं करा, न परवडणाऱ्या जमिनीला सारा माफ करा. चौऱ्याऐंशी वर्षांनी तंबूभोवतीचं तेच गाऱ्हाणं, फक्त आता ते छापील होतं आणि देशभर जाणार होतं.

माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची. बैलगाडीने गेली होती. तिला विचारलं नेहरू कसे दिसले, तर म्हणायची, "मले काय दिसतात, मी गाडीखाली झोपली होती." पण नळ पहिल्यांदा तिथे पाहिला हे तिला शेवटपर्यंत आठवत होतं.

पांझरेकर

केळीबाग, तंबूचा वेढा माहीत नव्हता. धन्यवाद. पण तुम्हीच म्हणालात, हरले.

सातपुड्याचा

सगळे सपाटीवरचं बोलताय. डोंगराकडे या.

१८१८ ला खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हाच थाळनेरच्या किल्लेदाराला, तुळशीराम मामांना, फाशी दिलं. हिस्लॉप साहेबाने. त्यानंतर भिल्लांनी साहेबांना झोपू दिलं नाही, म्हणून १८२५ ला आउट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला ठाणं. युक्ती बघा, भिल्लाला आवरायला भिल्लच. पुढे खाज्या नाईकही कंपनीच्याच चाकरीत सेंधव्याचा घाट राखायचे. वाट, पाणी, चौक्या सगळं त्यांना ठाऊक. १८५७ ला तेच उलटले आणि तोच घाट सरकारला बंद झाला, खजिना लुटला गेला. आंबापाणीला ११ एप्रिल १८५८ ला लढाई झाली. पकडलेल्यांना जागेवरच कोर्टमार्शल करून गोळ्या घातल्या.

माझं म्हणणं एवढंच, साम्राज्याला तोफ लागते ती वर्षातून एखाद दिवस. रोज लागतो तो घाटावरचा राखणदार. तो फिरला की तोफही घाट चढत नाही.

आणि रावलापाणी कोणी ऐकलंय का? तळोद्याकडे गुलाम महाराजांनी 'आप'ची चळवळ सुरू केली होती. दारू सोडा, मांस सोडा, भेटलं की एकमेकांना 'आप' म्हणा. वाचायला अगदी भजनी मंडळ वाटेल. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'ए' म्हणून हाक मारली, तो स्वतःला 'आप' म्हणू लागला आणि सावकाराच्या दारूच्या उधारीत अडकेनासा झाला, तर कोणाच्या पोटात दुखेल? महाराज गेल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले. २ मार्च १९४३ ला रावलापाणीला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. नंदुरबारच्या गोळीबाराला सहा महिनेही झाले नव्हते. चौकातल्या पाच जणांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, असायलाच हवीत. या लोकांची नावं किती जणांना येतात?

तापीकाठची

@सातपुड्याचा, मी नंदुरबारची असून रावलापाणी लग्नानंतर, नवऱ्याच्या मित्राकडून ऐकलं. शाळेत कोणी सांगितलं नाही. कबूल करते.

बंदोबस्त

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. आयडी गमतीने घेतला होता, आता तोच नडतोय.

माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात पोलीस शिपाई. नंदुरबारच्या त्या दिवशी ते तिथे नव्हते, हे आधीच सांगतो. पण खात्यात होते. १९४२ चा विषय निघाला की आमच्याकडे एकच वाक्य असतं, "आबांनी तेव्हा पोटदुखीची रजा टाकली होती." एवढंच. आजोबा तेच सांगायचे, वडीलही. लहानपणी मला वाटायचं आबांना पोटाचा काहीतरी जुना आजार असावा.

सातपुड्याचा यांचं राखणदारावरचं वाचलं आणि ते वाक्य एकदम वेगळं ऐकू आलं.

गिरणामाई

अंगावर काटा आला. असे पोटदुखीवाले किती असतील!

जळगावकर_पुण्यात

@बंदोबस्त यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. आकडा बघा. तीस-पस्तीस कोटींचा देश, आणि तो चालवणारे आयसीएस अधिकारी जेमतेम हजार-बाराशे, त्यातही शेवटी निम्म्याच्या आसपास हिंदीच. धुळ्याचा कलेक्टर गोरा असेल, पण सारा वसूल करणारा, तार पाठवणारा, रेल्वे हाकणारा, लाठी मारणारा आपलाच. हे लोक जोवर सकाळी हजेरी लावतात तोवर राज्य स्वस्तात चालतं.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' तळावर नौसैनिकांनी हजेरी नाकारली. वरकरणी भांडण निकृष्ट जेवणाचं आणि साहेबांच्या शिव्यांचं. चार दिवसांत सत्तरच्या वर जहाजं आणि वीसेक हजार माणसं त्यात आली. बरोबर वर्षभराने, २० फेब्रुवारी १९४७ ला अ‍ॅटलींनी जाहीर केलं की जून १९४८ च्या आत सोडून जातो. एकामुळेच दुसरं झालं असं म्हणत नाही. पण @पांझरेकर, तुमच्या हिशेबात हा खर्च धरा. हिंदी शिपायावर भरवसा नसेल तर गोरा शिपाई आणावा लागणार, आणि गोरा शिपाई सहा वर्षांच्या युद्धानंतर घरी जायला निघालेला.

पांझरेकर

धरला. याने माझा मुद्दा मोडत नाही, पण वाकतो हे मान्य.

भरीत_भाकरी

पांझरेकरांनी मान्य केलं!! तारीख लिहून ठेवा रे.

केळीबाग

अवांतर: गोरे लोक खानदेशात घरं करून का राहिले नाहीत याचं उत्तर भुसावळच्या मे महिन्यात आहे.

जळगावकर_पुण्यात

@केळीबाग हसण्यावारी नेऊ नका, हे अवांतर अजिबात नाही. जिथे गोरे घरं बांधून, शेती करून राहिले तिथेच सुटका सगळ्यांत रक्तबंबाळ झाली. अल्जेरियात दहाएक लाख युरोपीय वस्तीला होते, म्हणून १९५४ ते ६२ युद्ध. केनियात डोंगरावरची चांगली जमीन गोऱ्यांची. याउलट घानात तसे वसलेले गोरे जवळपास नाहीत, १९५७ ला बरंचसं कागदोपत्री झालं. एका १९६० सालात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. भुसावळच्या उन्हाने आपल्यावर उपकार केले असतील.

आणि पोर्तुगाल सगळ्यांत शेवटी का सुटेना? देश गरीब, वर हुकूमशाही, वसाहती गेल्या तर मिरवायला उरतंय काय. गोवा १९६१ ला आपल्या फौजेने घेतला. अंगोला-मोझांबिकमध्ये मात्र ते लढत राहिले, आणि २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये त्यांच्याच लष्कराने सरकार उलथवलं. तिथे पोटदुखी साहेबाच्या शिपायालाच झाली.

गिरणामाई

हैतीचं पण सांगा कोणीतरी. गुलामांनी लढून १८०४ ला देश मिळवला, आणि १८२५ ला फ्रान्सने तुम्हाला मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक भरा म्हणून हप्ते बांधले. का, तर आमच्या मळेवाल्यांची 'मालमत्ता' गेली. मालमत्ता म्हणजे जमीन, आणि ती माणसंसुद्धा. पुढे आकडा नऊ कोटींवर आणला, तरी किती पिढ्या फेडत बसल्या. हरलेल्याने जिंकलेल्याकडून दंड घेतला, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अहिरानी_भाऊ

सावकार बठ्ठा सारखाच.

बोरीकाठ

अमळनेरकर हजर. प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवायचे, १९३० ला मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. पोरांना वर्गात जे सांगत होते ते स्वतः करून मोकळे झाले. १९३२ ला ते धुळ्याच्या तुरुंगात. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, अठरा रविवार, आणि गुरुजी उतरवून घ्यायचे. सरकारने शिक्षा म्हणून ठेवलेल्या जागी 'गीता प्रवचने' तयार झाली.

पण मला डांगरीचं सांगायचंय. बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील तिथले, आमच्याच तालुक्यातले. लीलाताईंना पकडून येरवड्याला ठेवलं तर त्या तिथूनही निसटल्या. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना लुटला. साताऱ्याच्या पत्री सरकारातले (इंग्रजांना डावलून चालवलेलं भूमिगत सरकार) जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी इकडे येऊन त्यात होते. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. तेव्हाचे साडेपाच लाख!

आमच्या आजेसासूबाई डांगरीजवळच्या एका खेड्यातल्या. भूमिगत पत्रकं त्यांच्या बाजरीच्या कणगीत असायची. एकदा झडती आली. शिपायाने कणगीत कोपरापर्यंत हात घातला, ढवळला, बाहेर काढला आणि म्हणाला, "बाजरीला किडे लागलेत बाई, ऊन द्या." आणि गेला. हाताला कागद लागले नसतील हे शक्यच नव्हतं, असं त्या नेहमी सांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच बाजरी उन्हात घातली, गावाला दिसावी म्हणून.

पांझरेकर

चिमठाण्याला आजच्या भाषेत दरोडा म्हणतात. हेतू चांगला होता म्हणून शब्द बदलायचा का?

बोरीकाठ

मग १८५२ ला साखळी घेऊन शेतात उतरले त्याला काय म्हणायचं, मोजणी?

केळीबाग

+१

सातपुड्याचा

+१. शिवाय तो पैसा धुळ्याला उगवला नव्हता. इथलाच सारा, इथलीच अबकारी.

पांझरेकर

अहो, मी विरोधात नाही. माझे स्वतःचे काका त्या काळात आत होते. फक्त म्हणतो, पोरीला सांगताना हेही सांगा की त्या रस्त्यावर खजिन्याबरोबर जे शिपाई होते त्यांनाही घरं होती.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे, वैयक्तिक होऊ देऊ नका. शेवभाजीच्या पाककृतीबद्दलचे चार प्रतिसाद खाद्य विभागात हलवले आहेत.

भरीत_भाकरी

निषेध. शेवभाजी हा स्वातंत्र्याचाच विषय आहे.

तापीकाठची

सगळं वाचलं, काही दोनदा. लेकीला काल रात्री कणगीची गोष्ट सांगितली. पत्रकं, पत्री सरकार वगैरे तिला कितपत कळलं कोण जाणे, पण तो शिपाई तिला फार आवडला. म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोलला आणि ते चांगलं होतं?" मी हो म्हणाले. मग म्हणाली, "नंदुरबारच्या पोलिसांना पण तसं करता आलं असतं ना? बंदूक वर करून मारायची." मी म्हणाले आलं असतं. "मग का नाही केलं?"

झालं. एक प्रश्न घेऊन आले होते, आता दोन झाले. आणि आजूबाजूला कुल्फीवालाही नव्हता.

@बंदोबस्त, तुमच्या आबांची गोष्ट तिला सांगू का?

बंदोबस्त

थांबा, सांगू नका. लिहिणारच होतो.

परवा धुळ्याला मोठ्या आत्याकडे गेलो होतो. ती एक्क्याण्णवची आहे, कानाने कमी ऐकते, डोकं शाबूत. तिला आबांच्या पोटदुखीबद्दल विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, रजा खरी, पोटदुखी खोटी, पण ती बेचाळीसला नव्हे रे, छत्तीसला! फैजपूरला बंदोबस्त लागत होता, डिसेंबरची थंडी, उघड्यावर झोपायचं. आबांनी पोट धरलं, आठ दिवस घरी राहिले आणि सातव्या दिवशी साध्या कपड्यांत फैजपूरलाच जाऊन आले. बांबूचा दरवाजा बघायला. येताना तिच्यासाठी खादीचं लहान फडकं आणलं, ते तिच्याकडे बरीच वर्षं होतं.

मी विचारलं, मग बेचाळीसला?

आत्या म्हणाली, "बेचाळीसला आबा ड्युटीवर होते." मी पुढे विचारलं कुठे, काय करत होते. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि चहा घेणार का म्हणाली. खरंच ऐकू आलं नसेल, सांगता येत नाही.

गिरणामाई

...

पांझरेकर

बंदोबस्त, हे इथे लिहिलंत याबद्दल तुम्हाला नमस्कार.

केळीबाग

आठ दिवसांतल्या सातव्या दिवशी माझी आजी तिथेच गाडीखाली झोपलेली असणार.

तापीकाठची

सांगते तिला. फैजपूरचंही आणि चहाचंही. ९ सप्टेंबरला परत नंदुरबारला जातोय, या वेळी वाकडी वाट करून रावलापाणीला पण. @सातपुड्याचा, तळोद्याहून रस्ता कसा आहे, गाडी जाते का?

सातपुड्याचा

पावसाने उघडीप दिली तर जाते. निघायच्या आदल्या दिवशी व्यनि (खासगी निरोप) करा, मी येतो सोबत. पोरीला बूट घालून आणा, चिखल आहे.